बंद पडलेल्या रस्त्याखालची जमीन कोणाची, हे कागदांवरून कसे ठरवावे

एखादे वळण काढून रस्ता सरळ केला जातो, ओढ्यावरचा नवा पूल जुन्यापासून शंभर फुटांवर बांधला जातो किंवा गावाला वळसा घालून बायपास निघतो, आणि जुन्या रस्त्याचा तुकडा दोन शेतांच्या मध्ये पडून राहतो. पहिली काही वर्षे त्यावर ऊसतोडीच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या उभ्या राहतात, मग बाभळी आणि घाणेरी माजते, आणि एके दिवशी शेजारचा कोणीतरी त्यात नांगर घालतो. पुणे-बंगळूर महामार्गाचे शिरवळपासून कासेगाव-पेठ नाक्यापर्यंत रुंदीकरण झाले, तसे असे तुकडे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत जागोजागी निर्माण झाले. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांच्या फुगवट्याखाली गेलेले रस्ते तर उन्हाळ्यात पाणी उतरले की पुन्हा वर दिसतात आणि त्याबरोबर जुने वादही वर येतात.

मोजणीच्या कामावर असताना या प्रश्नाने मला जितक्या वेळा बांधावर उभे केले, तितके दुसऱ्या कशानेही केले नसेल. बहुतेक भांडणांत दोन्ही बाजू रस्ता कधी आणि का बंद झाला, यावरच जोर देतात. मालकी मात्र त्यावरून ठरत नाही. रस्ता मुळात त्या जमिनीवर कोणत्या हक्काने आला होता, हे शोधले तर तो गेल्यावर जमीन कोणाकडे जाते, याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते. म्हणून या लेखात रस्त्याच्या जन्माचे कागद कसे मिळवावेत आणि कसे वाचावेत, यावर मी अधिक थांबणार आहे.

त्याआधी एक समजूत दूर केली पाहिजे. ‘रस्ता बंद झाला की मध्यावर रेघ मारायची, अलीकडची अर्धी जमीन याची, पलीकडची अर्धी त्याची’ असे गावोगाव ठामपणे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत लगतच्या जमीनमालकाची मालकी रस्त्याच्या मध्यरेषेपर्यंत असल्याचे गृहीत धरतात, आणि तिकडे रस्ता रद्द झाल्यावर बऱ्याचदा तशीच वाटणी होते. महाराष्ट्रात मात्र सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा आणि त्यांच्या कडेचे चर, तसेच दुसऱ्या कोणाच्या मालकीची नसलेली सर्व जमीन राज्य शासनाची समजली जाते. म्हणजे जमीन आपली आहे असे ज्याचे म्हणणे असेल, त्याने ते कागदाने दाखवायचे असते; केवळ आपले शेत लगत आहे, एवढ्याने भागत नाही.

आता पहिले काम. रस्ता कायद्याने बंद झाला आहे काय, हे आधी तपासावे. वाहतूक थांबली, डांबर उखडले, झाडे उगवली, यांपैकी कशानेही सार्वजनिक रस्त्याचा रस्तेपणा संपत नाही. एकदा सार्वजनिक झालेला रस्ता, तो बंद करण्याचा अधिकार ज्याला आहे त्याने रीतसर बंद करेपर्यंत सार्वजनिकच राहतो, ही भूमिका न्यायालयांनी वारंवार घेतली आहे. वीस वर्षे कोणी फिरकलेले नाही अशी पाणंद, म्हणजे शेतांकडे जाणारी गावची वाट, मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेसारख्या एखाद्या कामात पुन्हा मोकळी केली जाते, आणि तिच्यात विहीर पाडून बसलेला माणूस हवालदिल होतो, हे मी पाहिले आहे.

रीतसर बंद करण्याची पद्धत रस्ता कोणाच्या ताब्यात आहे यावर अवलंबून असते. रस्ता शासनाकडे निहित, म्हणजे कायद्याने त्याच्या स्वाधीन, असेल आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे सोपवलेला नसेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २१ खाली जिल्हाधिकारी राजपत्रात अधिसूचना काढतात, रस्त्याजवळ जाहीर नोटीस लावली जाते आणि हरकतींसाठी व नुकसानभरपाईच्या मागणीसाठी नव्वद दिवस मिळतात. हरकती ऐकून अंतिम घोषणा झाली की लोकांचे आणि व्यक्तींचे त्या रस्त्यावरील हक्क संपतात आणि ती जमीन शासनाच्या स्वाधीन राहते. रस्ता शासनाने ग्रामपंचायतीकडे निहित केलेला असेल, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५१ प्रमाणे, गरज न उरलेला रस्ता जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीने पंचायत बंद करू शकते आणि ती जमीन भाड्याने देऊ किंवा विकू शकते. त्यासाठी किमान एक महिना आधी सरपंचाच्या सहीची नोटीस त्याच रस्त्यावर लावावी लागते आणि तीत पर्यायी रस्ता कोणता, हे सांगावे लागते. ग्रामसभेत हात वर करून झालेला नुसता ठराव यासाठी पुरत नाही, आणि अशा ठरावाच्या जोरावर झालेले व्यवहार पुढे टिकत नाहीत. सातारा नगरपरिषद किंवा १९९८ साली स्थापन झालेली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका यांच्या हद्दीत त्यांच्या त्यांच्या अधिनियमातील वेगळी पद्धत लागू होते. राष्ट्रीय महामार्गाचा जुना भाग असेल, तर तो महामार्गाच्या यादीतून वगळल्याची केंद्र शासनाची अधिसूचना आणि राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे हस्तांतर झाल्याचा कागद पाहावा. जुना महामार्ग बहुधा बंद होतच नाही. तो फक्त खालच्या दर्जाचा रस्ता होऊन राज्याकडे येतो.

यांपैकी काय झाले आहे, हे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. प्रश्न नेमका लिहावा. ‘रस्त्याची माहिती द्यावी’ असे लिहिले तर हाती काही लागत नाही. ‘अमुक गावच्या गट क्रमांक अमुक आणि अमुक यांच्यामधील रस्त्याबाबत कलम २१ खालील अधिसूचना, किंवा कलम ५१ खालील जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, तसेच रस्त्याची नोंद असलेल्या नोंदवहीचे पान यांच्या प्रती’ असे मागितले तर उत्तर टाळता येत नाही. अर्ज कोणाकडे द्यायचा, हे रस्त्याच्या वर्गावरून ठरते. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात.

यानंतर रस्त्याच्या जन्माचे कागद गोळा करावेत. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा, गटाचा नकाशा, जुन्या सर्व्हे नंबराचे टिपण (मूळ मोजणीचा आराखडा) आणि फाळणी (पोटविभागांचा नकाशा) यांच्या नकला घ्याव्यात. तलाठ्याकडून चालू सातबारा आणि शक्य तितके मागे जाणारे जुने सातबारे व फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) घ्यावेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेमध्ये सर्व्हे नंबरांचे गट झाले, आणि त्या उलथापालथीत अनेक पाणंदी नकाशावर एकीकडे आणि जमिनीवर दुसरीकडे गेल्या. म्हणून एकत्रीकरणाचा जबाब आणि ९(३), ९(४) चा उतारा घेतल्याशिवाय जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांची सांगड लावू नये. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशा पूर्वीच्या संस्थानांच्या हद्दीतील गावांचे जुने कागद मोडी लिपीत असतात; त्यांचे लिप्यंतर जाणत्या माणसाकडून करून घ्यावे, कारण एका ओळीच्या चुकीच्या वाचनाने सगळा दावा उलटा होतो.

हे कागद हाती आले की तीन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे गाव नकाशावर रस्ता कसा दाखवला आहे. दोन अखंड रेघांच्या मध्ये, कोणताही नंबर न घेता जाणारा रस्ता बहुधा मूळ भूमापनाच्या वेळीच लागवडीच्या नंबरांतून वगळलेला असतो. तुटक रेघेने दाखवलेली गाडीवाट किंवा पायवाट मात्र नंबरांच्या पोटातून जाते. दुसरी म्हणजे सातबाऱ्यावरील पोटखराबा. वर्ग ‘अ’ म्हणजे शेतीला अयोग्य जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक वापरामुळे आकारणी न केलेली जमीन. रस्त्याचे क्षेत्र आपल्या गटाच्या एकूण क्षेत्रात धरून ‘ब’ मध्ये दाखवले असेल, तर जमिनीवर सर्वसाधारणपणे खातेदाराचे नाव टिकून असते, पण ती कसण्याचा अधिकार नसतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण पाहत नाहीत. ती म्हणजे कमी-जास्त पत्रक (क.जा.प.). जमीन संपादित झाली की भूमी अभिलेख खाते क.जा.प. तयार करते, त्यानुसार फेरफार होतो आणि गटाचे क्षेत्र घटते. क.जा.प. सापडले की त्याच्या मागचा भूसंपादन निवाडा, कब्जेपावती आणि मोबदला वाटपाचा तक्ता शोधता येतो.

वाळवा तालुक्यातील एका गावाच्या शिवेवरचे एक वळण मी स्वतः मोजले आहे. जिल्हा मार्ग सरळ केल्यावर तिथे धनुष्यासारखा एक तुकडा उरला होता. दोन चुलतभाऊ दोन्ही बाजूंना कसत होते. थोरल्याने तुकडा नांगरायला घेतला, तेव्हा वीतभर मातीखालीच फाळाला खडी लागू लागली आणि खाली मुरुमाचा पिवळा थर उघडा पडला. थोरल्याचे म्हणणे असे की, “आबांनी रस्त्यासाठी जमीन दिली होती, रस्ता गेला, आता जमीन आमची.” धाकटा म्हणत होता, “दादा, अर्धं अर्धं करू आणि मिटवू.” कागद काढले तेव्हा दोघांचेही चुकलेले दिसले. रस्त्याच्या नऊ आर क्षेत्राचे क.जा.प. झालेले होते, गटाचे क्षेत्र तेवढेच कमी झालेले होते, आणि वाटप तक्त्यावर आबांच्या डाव्या अंगठ्याचा निळसर ठसा होता. मोबदला मिळालेला होता. जमीन शासनाची होती आणि तिच्यात अर्धे-अर्धे करण्यासारखे काही उरलेले नव्हते. मात्र त्याच वळणाला आतून चिकटून, रस्ता होण्याच्या आधीपासूनची एक पाणंद होती. तिचे तीन आर धाकट्याच्या गटात पोटखराबा ‘ब’ म्हणून नोंदलेले होते, तिचे संपादन कधीच झाले नव्हते. ती जमीन धाकट्याच्या नावावर होती, परंतु पलीकडचे दोन खातेदार अजून तिथूनच जात असल्यामुळे ती बंद झालेली नव्हती. एकाच वळणावर, हाताच्या अंतरावर असलेल्या दोन तुकड्यांची उत्तरे अशी वेगळी निघाली.

यातून निरनिराळ्या प्रसंगी काय उत्तर येते, ते सांगतो. जमीन संपादित करून, मोबदला देऊन घेतली असेल, तर ती शासनाकडे सर्व भारांपासून मुक्त होऊन निहित होते, आणि रस्ता नको झाला म्हणून ती मूळ मालकाकडे आपोआप परत येत नाही. केरळमध्ये राष्ट्रीय महामार्गासाठी घेतलेल्या जमिनीपैकी न वापरलेला भाग जुन्या दराने मूळ मालकाला देण्याचा निर्णय तिथल्या शासनाने घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली तो अमान्य केला आणि अशी जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामासाठी वापरावी, नाहीतर जाहीर लिलावाने विकावी, असे सांगितले. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील कलम १०१ चा आधार घेऊन जमीन परत मागता येईल, असे काही जण सांगतात. ते कलम ताबा घेतल्यापासून पाच वर्षे न वापरलेल्या जमिनीसंबंधी आहे, आणि तेही मूळ मालक किंवा शासनाची भूमी बँक असे दोन पर्याय ठेवते. ज्या जमिनीवरून तीस-चाळीस वर्षे एसटी धावली, तिला न वापरलेली कसे म्हणता येईल?

संपादन झालेच नाही, फक्त संमतीपत्रावर किंवा तोंडी शब्दावर लोकांनी रस्ता होऊ दिला, असे प्रकार आपल्याकडे फार आहेत. दुष्काळी कामांतून आणि पुढे रोजगार हमीतून झालेल्या रस्त्यांत तर ते विशेष आढळतात. अशा वेळी जमीन मालकाचीच राहते आणि तिच्यावर लोकांचा जाण्या-येण्याचा हक्क बसतो. असा रस्ता स्थानिक संस्थेकडे ‘निहित’ झाला, तरी त्या निहित होण्याचा अर्थ मर्यादित आहे. उत्तरेतील मंगलौर नगरपालिकेने रस्त्याच्या कडेच्या जागेवर महात्मा गांधींचा पुतळा, पाणपोई आणि वाचनालयाची खोली उभारायचे ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रस्ता नगरपालिकेकडे निहित असला तरी तिला पृष्ठभागाची, आणि रस्त्याच्या देखभालीला लागेल तेवढ्याच खालच्या मातीची व वरच्या अवकाशाची व्यवस्था पाहण्याचा हक्क असतो. जमिनीची मालकी तिच्याकडे जात नाही. म्हणून असा रस्ता रीतसर बंद झाला की लोकांचा हक्क संपतो आणि जमीन मूळ मालकाच्या किंवा त्याच्या वारसांच्या हाती मोकळी होते. माझ्या मते सामान्य शेतकऱ्याचा खरा आणि बळकट दावा याच एका प्रकारात असतो, आणि नेमक्या याच प्रकारातला शेतकरी कागद न शोधता गप्प बसतो.

शेजाऱ्याच्या शेतातून जाणारी खासगी वहिवाटीची वाट ही सार्वजनिक रस्ता नव्हे. तिथे जमीन शेजाऱ्याचीच असते. आपल्याला फक्त जाण्याचा हक्क असतो आणि तो हक्क वीस वर्षे अजिबात वापरला नाही तर सुविधाधिकार कायद्यानुसार संपतो. विकास आराखड्यात आखलेला पण प्रत्यक्षात न झालेला रस्ता हाही वेगळाच विषय आहे. तिथे जमीन अजून मालकाचीच असते, आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात येऊन दहा वर्षे उलटल्यावर खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द झाले असे समजले जाते. सांगली-मिरजेकडे या दोन गोष्टींची गल्लत करून लोक वर्षानुवर्षे चुकीच्या कार्यालयात अर्ज देत राहतात. मंजूर प्लॉटिंगमधील अंतर्गत रस्ते सातबाऱ्यावर जुन्या मालकाच्या नावावर दिसले, तरी प्लॉटधारकांचा त्यावर हक्क असतो. असा रस्ता ‘बंद आहे’ म्हणून कोणी विकायला आला, तर घेऊ नये.

जमीन शासनाची निघाली आणि ती आपल्या शेताला लागून असलेली अरुंद, स्वतंत्रपणे कोणाच्या उपयोगी न पडणारी पट्टी असेल, तर तिची मागणी करता येते. त्यासाठी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. त्याला दोन्ही बाजूंच्या गटांचे सातबारे, गटाचा नकाशा, मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा नकाशा), रस्ता बंद झाल्याची अधिसूचना, बांधकाम विभागाचे ‘आवश्यकता नाही’ असे पत्र आणि दुसऱ्या लगतच्या खातेदाराचे म्हणणे जोडावे. मोजणी आधी करून घ्यावी. ई-मोजणीतून अर्ज भरता येतो आणि लगतच्या सर्वांना नोटीस जाते. मोजणीच्या दिवशी जुन्या रस्त्याच्या दोन्ही कडांचे दगड, मैलाचा दगड, मोरीची भिंत, सोलिंगचा थर जे काही शिल्लक असेल, ते भूकरमापकाला दाखवून नकाशावर नोंदवून घ्यावे, कारण एकदा नांगर फिरला की हे पुरावे पुन्हा मिळत नाहीत. जमीन मिळाली तर ती बाजारभावाच्या भोगवटामूल्याने आणि बहुधा भोगवटादार वर्ग २ म्हणून, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी, मिळते, हे आधीच ध्यानात घ्यावे.

शेतकऱ्याची जमीन त्याची नाही असे शासन म्हणत असेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २० (२) खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर चौकशी मागता येते. त्या चौकशीतील निर्णय विरुद्ध गेला, तर दिवाणी दावा एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो; हे वर्ष हुकले की दावा चालत नाही. मी पाहिलेल्या चांगल्या प्रकरणांतील निम्मी केवळ याच तारखेवर हातची गेली.

अतिक्रमण करून, ते नियमित होण्याची वाट पाहणे हा मार्ग कोणालाही सुचवू नये. अतिक्रमण काढून दंड करण्याचा अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम ५० खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. गावाच्या सामायिक जमिनी खासगी माणसांना नियमित करून देण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, पंजाबातील एका गावतळ्याच्या प्रकरणात, कडक शब्दांत आक्षेप घेतला, आणि तेव्हापासून प्रशासनाचा हात आखडलेला आहे. कब्जाने मालकी मिळण्याची आशाही फारशी नाही, कारण शासनाला आपली जमीन परत मागण्यासाठी मुदत कायद्याने तीस वर्षांचा अवधी दिलेला आहे. रस्त्याकडेचे वड, चिंच, कडुनिंब यांना हात लावण्यापूर्वी ते कोणाच्या नोंदीत आहेत, हे पाहावे. जुन्या रस्त्याखालून गेलेली पाण्याची पाइपलाइन, उपसा सिंचनाची नळी किंवा महावितरणचे खांब असतील, तर जमीन आपली ठरली तरी त्यांचे हक्क आपोआप सुटत नाहीत.

जो शेजारी त्या रस्त्यानेच आपल्या शेतात जात होता, त्याचा विचार वेगळा करावा लागतो. पंचायतीने रस्ता बंद केल्यामुळे ज्याची वाट गेली, त्याला वाजवी नुकसानभरपाई मागता येते, आणि ही मागणी हरकतीच्या मुदतीतच लेखी द्यावी. पर्यायी वाट नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो. चालू वाट कोणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा.

अंतिम आदेश हाती आला की तो कपाटात ठेवू नये. आदेशाची प्रमाणित प्रत आणि मोजणी नकाशा तलाठ्याकडे देऊन पोच घ्यावी. फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद नाकारली गेली तर साठ दिवसांच्या आत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावे. नोंद मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून क्षेत्र, पोटखराबा आणि भोगवटादार वर्ग हे तिन्ही रकाने आदेशाशी ताडून पाहावेत, आणि त्याच वेळी भूमी अभिलेख कार्यालयात गटाचा नकाशा दुरुस्त झाला की नाही, हेही विचारावे. वाळव्यातल्या त्या वळणावर सातबारा दुरुस्त झाला, परंतु नकाशावर रस्ता तसाच राहिल्याने पुढच्या मोजणीत धाकट्याला तीच फाइल पुन्हा उघडावी लागली.